डोळ्यांच्या ‘ताकदीच्या’ गोळ्या: कोणाला हव्यात, कोणाला नकोत?

“डॉक्टर, बाकीचं सगळं लिहून झालं असेल, तर डोळ्यांसाठी एखादी ताकदीची गोळी पण लिहा.”

हे वाक्य माझ्या दवाखान्यात आठवड्यातून तीन-चारदा तरी ऐकू येतं. म्हणणारे बहुतेक साठीच्या पुढचे. कोणाला मोतीबिंदूची सुरुवात सांगितलेली असते, कोणाच्या चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, कोणाच्या शेजाऱ्याला काचबिंदू निघालेला असतो. काहीजण तर गोळी सोबतच घेऊन येतात. मुलाने परदेशातून पाठवलेली भलीमोठी बाटली असते, नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने दिलेली पट्टी. वर डोळ्याचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’.

प्रामाणिकपणे सांगायचं तर अनेक वर्षं मीही ती गोळी फारसा विचार न करता लिहून देत असे. जीवनसत्त्वंच तर आहेत, अपाय काय होणार? पेशंटलाही बरं वाटतं. पण दोन पेशंटनी मला हा विषय नीट वाचायला लावला.

पहिल्या एक आजी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि नेत्रतज्ज्ञांनी ऑपरेशन सांगितलं होतं. आजींना ऑपरेशनची धास्ती. “आधी गोळीने कमी होतंय का बघूया,” असं त्यांनी ठरवलं आणि मीही मान डोलावली. त्यात दोन वर्षं गेली. एका रात्री न्हाणीघराकडे जाताना पायरी दिसली नाही, आजी पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ते सावरल्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, “हे इतकं सोपं होतं, तर तेव्हाच का नाही करायला लावलंत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. डोळ्यांच्या सगळ्याच गोळ्यांना ‘उगाच खर्च’ म्हणू लागलो. मग आले एक निवृत्त गुरुजी. मॅक्युलाच्या आजाराने त्यांच्या एका डोळ्याची मधली नजर गेलेली होती. त्यांनी गोळीबद्दल विचारलं आणि मी नेहमीच्या सुरात नको म्हणालो. पुढे त्यांची मुलगी त्यांना रेटिनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे कळलं की ज्या मोजक्या लोकांना अशा गोळीचा फायदा सिद्ध झालेला आहे, त्यांत गुरुजी अगदी बरोबर बसतात.

म्हणजे आजींना नको ती गोळी दिली आणि गुरुजींना हवी ती नाकारली. माझं मत या दोन चुकांमधूनच तयार झालं आहे. ते असं: डोळ्यांसाठीची अँटिऑक्सिडंट गोळी हे टॉनिक नाही. एका विशिष्ट आजाराच्या विशिष्ट टप्प्यावर देण्याचं ते औषध आहे. तो टप्पा सोडून इतर कोणालाही ती डोळ्यांसाठी देण्यात अर्थ नाही, आणि त्या टप्प्यावरच्या माणसाला ती न देणं ही चूक आहे. हे मी कशाच्या आधारावर म्हणतो, ते सांगतो.

ही कल्पना आली कुठून?

शेंगदाणे बरेच दिवस उघडे राहिले की खवट होतात. त्यांतल्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, म्हणजेच ऑक्सिडेशन होतं. उजेड आणि उष्णता असेल तर ते आणखी लवकर होतं.

आता डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा विचार करा. तिथल्या पेशींच्या आवरणात पटकन खवटणाऱ्या जातीची स्निग्ध द्रव्यं भरपूर असतात. त्या पेशी ऑक्सिजनही भरपूर वापरतात. वर आयुष्यभर त्यांच्यावर उजेड पडत असतो. म्हणजे खवटायला लागणारी सगळी सामग्री एकाच ठिकाणी हजर. डोळ्यातल्या भिंगाचंही तसंच. त्यातली प्रथिनं जन्मभर जवळपास तीच राहतात, बदलली जात नाहीत. त्यांच्यावर वर्षानुवर्षं आघात होत राहिले की ती गढूळ होतात. तोच मोतीबिंदू.

शरीराने यावर स्वतःची सोयही केलेली आहे. रेटिनाच्या मध्यभागी, जिथे आपली सर्वांत तीक्ष्ण नजर असते, तिथे एक पिवळसर ठिपका असतो. त्याला मॅक्युला म्हणतात. त्याचा पिवळा रंग येतो ल्युटीन आणि झिॲक्झॅन्थिन या रंगद्रव्यांमुळे. ती निळा प्रकाश शोषून घेतात आणि ऑक्सिडेशनला आळा घालतात. शरीर ती स्वतः बनवू शकत नाही, अन्नातूनच मिळवतं.

तेव्हा ‘अँटिऑक्सिडंट दिले तर डोळे टिकतील’ ही कल्पना खुळचट मुळीच नव्हती, तर्काला धरूनच होती. पण वैद्यकशास्त्रात तर्काला धरून असलेल्या किती तरी गोष्टी प्रत्यक्ष पेशंटवर तपासल्या की फोल ठरतात.

मोतीबिंदू: इथे गोळीचा उपयोग नाही

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने १९९२ मध्ये ‘एज-रिलेटेड आय डिसीज स्टडी’ सुरू केली. तिला थोडक्यात एरेड्स म्हणतात. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन मोठ्या मात्रेत देऊन, तशीच दिसणारी खोटी गोळी घेणाऱ्यांशी तुलना केली गेली. सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ साडेचार हजारांवर लोकांना तपासत राहिले. २००१ मध्ये निष्कर्ष आला: मोतीबिंदू होण्यात किंवा वाढण्यात काहीही फरक नाही.

“ते तिकडचे लोक, त्यांचा आहार वेगळा,” असं कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच तमिळनाडूत मदुराईजवळच्या खेड्यांत झालेला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. तिथे ३५ ते ५० वर्षं वयाच्या ७९८ जणांवर पाच वर्षं हाच प्रयोग झाला. २००६ मध्ये त्याचा निकाल छापून आला, आणि तोही तसाच होता. गोळ्यांनी मोतीबिंदूची वाढ थांबली नाही.

पूर्ण चित्र द्यायचं तर एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतल्या पुरुष डॉक्टरांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रोज साधी मल्टिव्हिटॅमिन गोळी घेणाऱ्यांत मोतीबिंदूचं प्रमाण ९ टक्क्यांनी कमी आढळलं. फरक छोटा होता आणि त्यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ रोज गोळी घ्यावी लागली. झालेला मोतीबिंदू तिने विरघळत नाही.

झालेल्या मोतीबिंदूवर इलाज एकच, ऑपरेशन. आपल्याकडे हे ठासून सांगायची गरज आहे. २०१५ ते २०१९ दरम्यान देशात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं कारण ६६ टक्के वेळा ऑपरेशन न झालेला मोतीबिंदू हेच निघालं. हे ऑपरेशन सरकारी रुग्णालयांत मोफत होतं. त्यामुळे ‘आधी गोळी करून बघूया’ म्हणण्यात फक्त पैसे जात नाहीत, तर दिसत नसलेले दिवस वाढत जातात, आणि कधी कधी खुब्याचं हाडही जातं.

मॅक्युलाचा आजार: इथे गोळीला जागा आहे

वय वाढतं तसा काही लोकांत मॅक्युला झिजू लागतो. त्याला वयोमानानुसार होणारा मॅक्युलाचा ऱ्हास म्हणतात. सुरुवातीला रेटिनाखाली पिवळसर कण साठतात. त्यांना ड्रुसेन म्हणतात. या टप्प्यावर पेशंटला काहीच जाणवत नाही. पुढे काहींमध्ये मधल्या पेशी मरत जातात. काहींमध्ये तिथे नाजूक नवीन रक्तवाहिन्या उगवतात, त्या पाझरतात आणि नजर झपाट्याने जाते. कडेचं दिसत राहतं, पण समोरच्याचा चेहरा, पुस्तकातली ओळ, सुईचं नेढं हे सगळं दिसेनासं होतं.

एरेड्सचा दुसरा भाग या आजारावर होता. त्यातल्या पूर्ण गोळीत रोजचं क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० आंतरराष्ट्रीय एकक, बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, झिंक ८० मिलिग्रॅम आणि तांबं २ मिलिग्रॅम होतं. ज्यांच्या डोळ्यांत मोठे ड्रुसेन होते, किंवा ज्यांचा एक डोळा या आजाराने आधीच गेला होता, अशांमध्ये आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याची शक्यता पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाली.

हा टक्का नीट समजून घ्या, कारण जाहिरातीत तेवढाच सांगतात. खोटी गोळी घेणाऱ्या अशा १०० लोकांपैकी पाच वर्षांत २८ जणांचा आजार बळावला. खरी गोळी घेणाऱ्या १०० पैकी २० जणांचा. म्हणजे शंभरातले आठ वाचले. वीस जणांचा आजार गोळी घेऊनही वाढला, आणि उरलेल्या बहात्तर जणांचा गोळीविनाही वाढला नसता. माझ्या मते आठ जणांची वाचण्यापुरती नजर राहणं ही मोठी गोष्ट आहे. पण हा चमत्कार नाही, हेही पेशंटला आधीच सांगायला हवं.

आता दुसरी बाजू. ज्यांना फक्त बारीक ड्रुसेन होते, म्हणजे आजाराची नुसती सुरुवात होती, त्यांच्यापैकी पाच वर्षांत जेमतेम एक टक्का लोकांचा आजार बळावला. त्यांच्यात गोळीचा फायदा दाखवता आला नाही. ज्यांना आजारच नाही, त्यांच्यात गोळ्यांनी तो होण्याचं टळतं का, हे वेगळ्या अभ्यासांत हजारो लोकांवर तपासलं गेलं. उत्तर आलं, टळत नाही. आणि गेलेली नजर तर कोणत्याच टप्प्यावर गोळीने परत येत नाही.

गोळी निरुपद्रवी नसते

‘फायदा झाला तर झाला, नुकसान तर नाही’ हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा वापरलेलं आहे. ते चुकीचं आहे.

फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक अभ्यास झाला. बीटा कॅरोटीन दिल्याने फुप्फुसाचा कॅन्सर टळेल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो कॅन्सर १८ टक्के जास्त झाला होता. अमेरिकेतही असाच एक अभ्यास चालू होता. तिथेही कॅन्सर वाढलेला दिसला आणि तो १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला.

म्हणून पुढच्या अभ्यासात, म्हणजे एरेड्स-२ मध्ये, बीटा कॅरोटीनच्या जागी ल्युटीन १० मिलिग्रॅम आणि झिॲक्झॅन्थिन २ मिलिग्रॅम देऊन पाहिलं. २०१३ मध्ये आणि मग दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नवी गोळी निदान जुनीइतकी तरी चांगली ठरली. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत मात्र फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, आणि त्यातले बहुतेक जण पूर्वी धूम्रपान करून सोडलेले होते. ‘मी तर विडी केव्हाच सोडली’ म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. याच अभ्यासात माशाच्या तेलातलं ओमेगा-३ सुद्धा देऊन पाहिलं. त्याने मॅक्युलाच्या आजारात काही जादा फायदा झाला नाही.

बाकीच्या घटकांचंही थोडक्यात सांगतो. जास्त झिंकमुळे मळमळ होते, लघवीच्या मार्गाचे त्रास वाढतात, आणि सोबत तांबं नसेल तर रक्त कमी होऊ शकतं. ई जीवनसत्त्वाची ४०० एककांची गोळी घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण १७ टक्के जास्त आढळलं, असं २०११ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलं. ज्याच्या डोळ्याला धोका आहे त्याने हे तोलून-मापून स्वीकारावं. ज्याला धोकाच नाही त्याने हे ओझं का घ्यावं?

मग पालेभाजीचं काय?

इथे पेशंट हमखास विचारतात, “म्हणजे जीवनसत्त्वांचा उपयोगच नाही म्हणता?” तसं नाही. अन्न आणि गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्यांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि मासे अधिक असतात, त्यांच्यात मॅक्युलाचा आजार कमी दिसतो, असं अनेक निरीक्षणांत आढळलं आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या जेवणातच बीटा कॅरोटीन, क, ई आणि झिंक भरपूर होतं, त्यांच्यात या आजाराचा धोका ३५ टक्के कमी होता. अर्थात भाजी खाणारी माणसं बहुधा विडी-सिगारेट कमी ओढतात, चालतात-फिरतात, त्यामुळे सगळं श्रेय भाजीला देता येत नाही. पण भाजीने नुकसान नाही, आणि हृदयाला आणि आतड्यालाही तिचा फायदा आहे.

ल्युटीनसाठी महागडं काही शोधायला नको. पालक, मेथी, माठ, चाकवत, शेवग्याचा पाला, मक्याचं कणीस, अंड्याचा पिवळा बलक यांतून ते मिळतं. ते तेलातुपात विरघळतं, म्हणून फोडणी दिलेल्या भाजीतून चांगलं शोषलं जातं. अंड्याच्या बलकात स्निग्धांश असल्यामुळे त्यातलंही चांगलं अंगी लागतं. म्हणजे आपली साधी परतलेली मेथी आणि भाकरी या कामाला पुरेशी आहे. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांनी मात्र पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं.

गाजराबद्दल एक शब्द. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो आणि कुपोषित मुलांची नजर कायमची जाऊ शकते. तिथे अ जीवनसत्त्वाचा डोस अत्यावश्यकच आहे. पण ज्याच्या शरीरात ते पुरेसं आहे, त्याचा चष्म्याचा नंबर कितीही गाजरं खाल्ली तरी उतरत नाही.

तुम्ही काय करावं?

१. पन्नाशीनंतर वर्षातून एकदा, बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून रेटिनाची तपासणी करून घ्या. मधुमेह असेल तर वय काहीही असो, ती दरवर्षी हवीच. मधुमेहाने होणारा रेटिनाचा आजार आणि काचबिंदू यांवर अँटिऑक्सिडंट गोळी हा इलाज नाही. तिथे साखर, रक्तदाब, डोळ्यातले थेंब, लेझर, इंजेक्शन या गोष्टी नजर वाचवतात.

२. तपासणीत मॅक्युलाचा आजार निघाला, तर डॉक्टरांना थेट विचारा: “माझा टप्पा कोणता? मोठे ड्रुसेन आहेत का? एरेड्स-२ ची गोळी मला लागू आहे का?”

३. लागू असेल तर लेबल वाचा. बीटा कॅरोटीन नसावं, विशेषतः आयुष्यात कधीही धूम्रपान केलं असेल तर. ल्युटीन १० आणि झिॲक्झॅन्थिन २ मिलिग्रॅम आहे का ते पाहा, आणि क, ई, झिंक वर सांगितलेल्या प्रमाणाच्या किती जवळ आहे तेही. बाजारातल्या बऱ्याच गोळ्यांवर चित्र तेच असतं, पण आत मात्रा फारच कमी असते.

४. धूम्रपान सोडा. मॅक्युलाच्या आजाराची जी कारणं आपल्या हातात आहेत, त्यांत हे पहिलं. यापुढे सगळ्या गोळ्या फिक्या आहेत.

५. दर आठवड्याला एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींकडे पाहा, मग दुसरा झाकून. चष्मा घालूनच पाहा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधेच डाग दिसला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. रक्तवाहिन्या पाझरण्याच्या प्रकारात डोळ्यात देण्याची इंजेक्शनं आहेत, पण ती वेळेत दिली तरच नजर राहते.

६. यांतलं काहीच तुम्हाला लागू नसेल, तर दर महिन्याच्या गोळीच्या किमतीला बाराने गुणा. त्या पैशांत वर्षाची डोळ्यांची तपासणी होते आणि वर भाजीलाही उरतात.

गुरुजी अजून माझ्याकडे रक्तदाबासाठी येतात. विडी सुटली आहे, बीटा कॅरोटीन नसलेली गोळी चालू आहे, आणि रोज सकाळी चहाआधी एक डोळा झाकून कालनिर्णयच्या चौकटी तपासणं हा त्यांचा नेम झाला आहे. दुसऱ्या डोळ्याने ते अजून पेपर वाचतात. तो डोळा गोळीमुळे टिकला, विडी सुटल्यामुळे टिकला, की तसाही टिकलाच असता, हे मी सांगू शकत नाही. एका माणसावरून ते कळत नसतं, त्यासाठीच हजारो लोकांचे अभ्यास करावे लागतात. पण ते अभ्यास वाचून गुरुजींना पहिल्याच दिवशी बरोबर सल्ला देणं माझं काम होतं, आणि ते मी केलं नव्हतं, एवढं मात्र मला नक्की सांगता येतं.

म्हणून आता कोणी “डोळ्यांसाठी ताकदीची गोळी लिहा” म्हणालं, की मी आधी विचारतो, “रेटिना शेवटची कधी तपासली होती?” तुम्हीही तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना आज हाच प्रश्न विचारा.